कोरडी गॅलरी

या, इकडे सतरंजीवर बसा. वीज काही इतक्यात येत नाही. मघाशी मी फोन लावला तर तिकडून उत्तर आलं, "बघतो." त्यांचं बघणं मी जन्मभर बघत आलोय. असो. भुताची गोष्ट पाहिजे ना तुम्हाला? सांगतो. पण मधेच मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर मारायचा नाही, आणि "काका, हे खरंच झालं होतं का?" असं तर अजिबात विचारायचं नाही. माझ्या सख्ख्या साडूवर बेतलेली गोष्ट आहे. त्यानं ती मला पहाटे माझ्या ओट्यावर बसून सांगितली, आणि पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

काय म्हणालीस? पांढऱ्या साडीतली बाई आहे का तिच्यात? पुतणी म्हणून तुला लाडावून ठेवली तो माझाच मूर्खपणा. बाई नाही, साडी नाही, उलटे पाय नाहीत. पाणी आहे. गप्प ऐक.

सहा वर्षं झाली. सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार, रात्रीचे सव्वादहा. साडू जेवून हात धूत होता, तेवढ्यात निरोप आला की उपअभियंता साहेबांनी धरणावरच्या विश्रामगृहात बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. साडू धरणावर पंपाचा मेकॅनिक होता, रोजंदारीवर. दर वर्षी त्याला सांगायचे, पुढच्या वर्षी कायम करू. असा माणूस रात्री बोलावलं तरी जातो. बायकोला म्हणाला, "कडी लावून घे, मला उशीर होईल." सायकल काढली आणि गेला.

त्याचं घर माहीत आहे ना? आपली गल्ली संपते तिच्याही खाली, नदीला लागून. घरात बायको, दोन वर्षांची लेक आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. रात्री उठून पळायचं म्हटलं तर पळता येणार नाही असं ते घर. हे लक्षात ठेवा. साडूच्या लक्षात त्या रात्री ते राहिलं नव्हतं.

विश्रामगृहात साहेब पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसलेला. कोपऱ्यात सिमेंटची गोणी आणि दुसऱ्या पोत्यात लाकडी खुंट्या, गाजरासारख्या एका टोकाला निमुळत्या. साहेब म्हणाला, "उद्या अकरा वाजता तपासणीची मंडळी येणार आहेत. गॅलरी कोरडी दिसली पाहिजे. सगळी भोकं खुंट्या ठोकून बंद कर आणि वरून सिमेंटचा हात फिरव."

साडू म्हणाला, "साहेब, भोकं बंद केली तर आतलं पाणी..."

"तुला कायम व्हायचंय ना?"

झालं. एवढंच बोलणं. साडूनं पोती सायकलवर टाकली.

आता गॅलरी म्हणजे नाटक-सिनेमाची नव्हे. धरणाच्या पोटात, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बोगदा असतो, त्याला गॅलरी म्हणतात. इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. त्या बोगद्यात भोकं पाडलेली असतात, ओळीनं. धरणात आणि धरणाखाली मुरलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर येतं, गटारातून पंपाच्या खड्ड्यात जातं, आणि पंप ते बाहेर फेकतो. पाणी येतंय म्हणून धरण वाईट, असं नसतं रे. ते पाणी येतंय म्हणूनच धरण टिकतं. तुमच्या घरी कुकर आहे ना? शिट्टीचा आवाज नको म्हणून कोणी शिट्टीच्या भोकात खुंटी ठोकेल का? यानं ठोकायला सांगितली.

तू हसू नकोस, तू इंजिनीअरिंगला आहेस म्हणून तुला सांगतो. त्या साहेबाला कळत नव्हतं असं नाही. मी त्याची जीप चालवायचो. मागे बसून तो नव्या पोरांना फोनवर हेच शिकवायचा, की ही भोकं म्हणजे धरणाचं नाक. त्याला सगळं कळत होतं. पण दोन वर्षं भोकं साफच केलेली नव्हती. निम्म्या भोकांत चुना साचून ती बुजली होती आणि उरलेल्यांतून पाणी पिचकारीसारखं उडत होतं. तपासणीवाल्यांनी पाहिलं असतं तर विचारलं असतं, साफसफाई कोणी केली, कधी केली. साफ करायला दोन महिने लागतात, बुजवायला एक रात्र पुरते. म्हणून स्वतःच्या हातानं धरणाचं नाक दाबायला निघाला हा माणूस. खाली आपण सगळे झोपलेलो. माझं डोकं अजून फिरतं.

आणि दोन वर्षं साफ का नव्हती? कारण साफ करणारा माणूस त्यांनी मारला. हो, मारलाच म्हणतो मी.

आम्ही त्याला गॅलरीमामा म्हणायचो. हातात लांब लोखंडी गज, त्याच्या टोकाला खरवडणी. रोज एकेक भोक गज घालून खरवडायचा, चुना बाहेर काढायचा. बाहेर उजेडात आला की डोळे बारीक करून बघायचा, म्हणून पोरं चिडवायची त्याला. गॅलरीत दारापासून पंपाच्या खड्ड्यापर्यंत एक लोखंडी पाइप जातो, आणि आमच्यात एक रीत होती. आत शिरणाऱ्यानं पाइपावर दोनदा ठोकायचं. आत कोणी असेल तर तो दोनदा ठोकून जबाब देणार. दाराला कुलूप लावण्याआधी तर ठोकायचंच, आणि थांबून ऐकायचं. जबाब आला तर कुलूप लावायचं नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही पाळता येईल अशी रीत.

साडूच्या त्या रात्रीआधी दोन वर्षं, एका संध्याकाळी पंप बंद पडला. त्याचा स्टार्टर कित्येक महिने मागत होते, मिळाला नव्हता. मामा बघायला खड्ड्यात उतरला. खड्ड्याची शिडी गंजलेली. तीही मागितली होती. ती तुटली. वर यायला दुसरी वाट नाही. आणि तेवढ्यात साहेबाला कोणीतरी सांगितलं की कुणी पेपरवाला आत शिरून फोटो काढणार आहे. साहेब स्वतः गेला, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि घरी गेला. ठोकलं नाही. दोनदा ठोकायला किती वेळ लागतो रे? ही खुर्ची ओढायला लागतो तेवढा.

सकाळी सापडला मामा. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत चढून थांबलं होतं. बुडाला नाही तो. गारठून गेला, चवड्यांवर उभा राहून, मान वर करून. हातात गज तसाच. पाइपावर ठोकून ठोकून गजाचं टोक चेपलं होतं.

आणि कागदावर काय आलं? दारूच्या नशेत तोल जाऊन पडला. ज्या माणसानं जन्मात चहाशिवाय कशाला तोंड लावलं नाही तो. त्याची बायको कार्यालयात आली तर तिला बाकावर बसवून ठेवलं संध्याकाळपर्यंत, आणि मग सांगितलं की साहेब दौऱ्यावर गेलेत. साहेब आतच होता. मागच्या दारानं त्याला मीच जीपमध्ये घेऊन गेलो, नोकरी होती माझी. शिव्या मनातल्या मनात दिल्या.

बरं. तर साडू गॅलरीच्या दाराशी पोचला. राखणदारानं कुलूप उघडलं आणि म्हणाला, "मी आत येत नाही हल्ली. तू आटप, मी इथेच बसतो."

"का रे?"

"येत नाही म्हणालो ना."

साडू आत गेला. आत दिवे होते, एकाआड एक लागणारे. सवयीनं त्यानं हातोडीनं पाइपावर दोनदा ठोकलं.

ठक. ठक.

आणि पोतं खांद्यावर घेऊन चालायला लागला. चार पावलं गेला असेल...

ठक. ठक.

आतून.

तो थांबला. मग स्वतःलाच म्हणाला, घुमला असेल आवाज. धरणाच्या पोटात आवाज घुमतोच. कामाला लागला. दाराजवळच्या भोकापासून सुरुवात केली. खुंटी लावायची, हातोडी मारायची, पाणी थांबायचं. मग पुढचं भोक. पाणी बर्फासारखं. हात बधिर. पण काम होत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याला बरंही वाटत होतं. कायम होणार, पोरीला चांगल्या शाळेत घालू, असलं सगळं डोक्यात. माणूस गरजेपुढे असाच आंधळा होतो, मी त्याला दोष देत नाही.

पहिल्या वळणापर्यंत पोचला. तिथे दम घ्यायला टेकला. आणि ऐकलं तर मागून पाण्याचा आवाज येतोय. ज्या बाजूची भोकं बंद केली त्या बाजूनं.

परत येऊन पाहतो तर भोकं सगळी उघडी. खुंट्या प्रत्येक भोकाखाली नीट आडव्या ठेवलेल्या. फेकलेल्या नाहीत, सांडलेल्या नाहीत. आवरून ठेवल्यासारख्या.

साडूचा पारा चढला. त्याला वाटलं, राखणदाराची चेष्टा. दाराकडे तोंड करून ओरडला, "अरे, काय लावलंय? माझी नोकरी जाईल!" दारापर्यंत गेला. राखणदार बाहेर घोंगडीत गुरफटून घोरत होता. कोणी आत आलेलं नव्हतं.

साडू पुन्हा आत आला. पुन्हा खुंट्या ठोकल्या, या वेळी दात-ओठ खाऊन. वळणापर्यंत पोचला. वळणापलीकडे गेला.

तेव्हा पलीकडच्या टोकाचा दिवा गेला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा.

एकेक करून. त्याच्याकडे येत.

साडूनं बॅटरी काढली. डोक्यावरचाही दिवा गेला.

अंधार. पाणी टपकतंय. आणि...

खर्रर्र.

थांबलं.

खर्रर्र.

गज भोकात घालून खरवडण्याचा आवाज. तो आवाज धरणावर काम केलेला कोणीही झोपेत ओळखेल. साडूनं ओळखला. खर्रर्र. एक भोक. मग गज ओढत आणण्याचा आवाज. मग पुढचं भोक. घाई नाही. चिडून नाही. रोजचं काम करावं तसं.

जवळ येत होतं.

साडूला ओरडायचं होतं. आणि तुम्हाला सांगतो, त्या वेळी त्यानं काय केलं? भिंतीला पाठ लावून उभा राहिला. वाट दिली. गॅलरीत समोरून माणूस आला की द्यायची असते ना, तशी. अंगवळणी पडलेलं.

गार हवा आली. चुन्याचा वास आला. ओला सदरा त्याच्या हाताला घासून गेला.

गेला नाही. थांबला. त्याच्या शेजारीच.

साडूनं बॅटरी वर केली नाही. ती खालीच राहिली. खाली पाय दिसले. सरळ होते, तुझ्या-माझ्यासारखे. फक्त टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या. चवड्यांवर उभा होता तो.

"मामा...?"

...

मग त्याचा हात कोणीतरी धरला. मनगटाला. गार पडलेल्या माणसाच्या हातासारखा हात. त्यानं साडूचा हात उचलला आणि भिंतीवर ठेवला. आत्ताच ठोकलेल्या खुंटीवर. दाबून धरला.

खुंटी थरथरत होती.

आतून कोणीतरी रेटतंय अशी. एकच नाही. साडूला वाटलं, शेजारचीही थरथरतेय. सगळी भिंत थरथरतेय. धरणामागचं तळं पूर्ण भरलेलं होतं त्या दिवशी. ते सगळं पाणी त्याच्या तळहाताला रेटत होतं. आणि त्याला तेव्हा घर आठवलं. नदीला लागून असलेलं. म्हातारीला उचलायला दोन माणसं लागतात. पोरगी झोपेत असेल. कडी लावून घे, असं आपणच सांगून आलो...

तो रडायला लागला. मला सांगताना म्हणाला, "भीतीनं नाही हो. मला माझीच चीड आली."

"मामा, काढतो," एवढंच म्हणाला तो.

हात सुटला.

अंधारात चाचपत त्यानं खुंटी उपटली. पाणी तोंडावर आलं. पुढची उपटली. त्याच्या अलीकडची. आणि पलीकडे, थोड्या अंतरावर, गज चालू होता. खर्रर्र. खर्रर्र. तो उपटत होता, आणि तिकडे दुसरं कोणी खरवडत होतं. पहाट होईपर्यंत दोघांनी काम केलं.

उजाडायच्या आत तो माझ्या दारात उभा. नखशिखान्त भिजलेला, हाताला चुना. ओट्यावर बसला आणि सगळं सांगितलं. मी सांगितलं का, की तुझं डोकं ठिकाणावर नाही? नाही. मला संतापच इतका आला की भूत-बीत बाजूलाच राहिलं. म्हटलं, चल, त्या नालायकाला झोपेतून उठवू आणि तपासणीवाल्यांच्या समोर त्याच्या तोंडून वदवून घेऊ. नोकरी गेली तर गेली, दोन वर्षं उरली होती माझी.

विश्रामगृहावर गेलो. साहेबाच्या खोलीचं दार आतून बंद. हाका मारल्या, लाथा मारल्या. शेवटी जीपमधून जॅकचा दांडा आणला आणि कडी उचकटली.

खोली कोरडी ठणठणीत. फरशीवर थेंब नाही. पलंगावरची चादर कोरडी, टेबलावरचे कागद कोरडे. आणि मधोमध साहेब उभा. भिजलेला. पायापासून हनुवटीपर्यंत भिजलेला, केस मात्र कोरडे. चवड्यांवर उभा, मान वर, तोंड मिटलेलं, नाकानं श्वास घेत होता. आम्ही आत आलो तरी त्यानं मान खाली केली नाही. मी दोन्ही खांदे धरून खाली दाबले तेव्हा कुठे त्याच्या टाचा टेकल्या. अंग बर्फासारखं.

आणि खोलीच्या चारही भिंतींवर एक ओली रेघ. त्याच्या हनुवटीच्या उंचीला. अशी सरळ, की गवंड्यालाही दोरी लावल्याशिवाय मारता येणार नाही. रेघेखालची भिंत ओली, वरची कोरडी.

अकरा वाजता तपासणीची मंडळी आली. साडूनं त्यांना गॅलरीत नेलं, भोकं दाखवली, पोत्यातल्या खुंट्या दाखवल्या, तुटकी शिडी दाखवली. साहेब बाहेर जीपमध्ये गोधडी गुंडाळून बसला होता. त्याला विचारलं तेव्हा त्यानं फक्त मान डोलावली. सगळ्याला हो म्हणाला.

त्याचं काय झालं विचारता? काय होणार? चार महिने रजेवर गेला, मग बदली झाली, मग बढती झाली. मोठ्या शहरात मोठ्या खुर्चीवर आहे. मामाच्या कागदावर दारूच आहे अजून. अशा वेळी वाटतं, भुतं फार सज्जन असतात.

पण एवढं झालं की नवा पंप आला, शिडी आली, साडू कायम झाला, आणि गज त्याच्या हातात दिला. तो भोकं साफ करायचा. आणि विश्रामगृहातली ती रेघ हळूहळू उतरली. छातीला आली, कमरेला आली. वर्षभरात घोट्याच्या खाली गेली आणि मग दिसेनाशी झाली. आम्ही दोघं मुद्दाम जाऊन बघायचो. तिचं कारण कोणाला सांगता आलं नाही. तिथे नळ नाही, मोरी पलीकडच्या बाजूला, वर पाण्याची टाकी नाही.

मागच्या वर्षी साडूला धरणावरून काढून कार्यालयात फायली उचलायला बसवलं. देखभाल आता कंत्राटात दिलीय म्हणे. कंत्राटदार महिन्यातून एकदा येतो, दाराशी उभा राहून फोटो काढतो आणि जातो. हल्ली गॅलरी अगदी कोरडी असते, असं त्यानं परवा चहाच्या टपरीवर मोठ्या तोंडानं सांगितलं. मी तसाच उठून कार्यालयात गेलो. आरडाओरडा केला. नव्या साहेबानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. विश्रामगृहाच्या भिंतीला पुन्हा ओल आलीय म्हटल्यावर म्हणाला, "आजोबा, वॉटरप्रूफ रंग मारून घेतो."

मारला. खरंच मारला, काल.

आज दुपारी मी बघून आलो. रंग अजून ओला होता, हाताला लागत होता. रेघ त्याच्यावरून वर आलीय. गेल्या आठवड्यात कमरेला होती...

आज माझ्या खांद्याला लागली.